चॅटबॉटचा ठराव करण्याआधी त्याचं दप्तर बघा: दूध संस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील प्राथमिक दूध संस्थांचे चेअरमन, संचालक आणि सचिव यांस,

स.न.वि.वि.

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या गावांच्या सचिवांनी मला जवळजवळ एकाच शब्दांत विचारलं, "सर, ते चॅटबॉट म्हणत्यात ते घ्यावं काय? फुकट हाय म्हणं." तिघांकडेही कुणीतरी लॅपटॉप घेऊन येऊन गेलं होतं. सभासदानं मोबाइलवर 'माझं बिल किती झालं?' असं लिहायचं आणि दुसऱ्या मिनिटाला उत्तर मिळायचं. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची कपात, दिवाळीचा फरक, सगळं त्यात. तिघांनाही एकच हमी मिळाली होती: हे ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), गिटहबवर (असे कोड ठेवायच्या वेबसाइटवर) त्याला हजारो स्टार आहेत, जगभर चालतं. आता वार्षिक सभांचे दिवस जवळ आले आहेत आणि हा विषय बऱ्याच ठिकाणी पत्रिकेवर येणार असं दिसतंय. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळ्यांना मिळून लिहावं, म्हणून हे पत्र.

चॅटबॉट घेऊ नका असं मला म्हणायचं नाही. मी सॉफ्टवेअरचं काम करतो, तेही बहुतेक ओपन सोर्सवरच. माझं घर त्यावर चालतं. लोकांनी एकत्र येऊन एखादी गोष्ट उभी करावी आणि ती सगळ्यांची असावी, हे सहकाराच्या या जिल्ह्यात कुणाला पटवून द्यायची गरज नाही. माझं मागणं एवढंच आहे की ठराव मांडण्याआधी त्या प्रकल्पाचं दप्तर उघडून बघा. ते खरंच उघडं असतं. आणि दप्तर वाचून संस्था धडधाकट आहे की नुसती पाटीपुरती उरली आहे हे ओळखणं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५० फुटांच्या पुढे गेली, तेव्हा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि टँकर थांबले. चिखली-आंबेवाडीची माणसं आणि जनावरं सोनतळीला हलली. म्हशीला पूर कळत नाही, दोन वेळा धार काढावीच लागते. माणसं कॅन घेऊन डेअरीपुढे यायची आणि संकलन बंद बघून परत जायची. आज गाडी येणार का, एवढं एक वाक्य त्यांना घरबसल्या कळलं असतं तर किती हेलपाटे वाचले असते. पूर ओसरल्यावर करवीर तालुक्यातल्या एका संस्थेनं मला तेच करून द्यायला सांगितलं. मी एक ओपन सोर्स चॅटबॉट निवडला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण तो बांधणाऱ्यानं कुणाची फसवणूक केली नव्हती. निवडताना मी तीन गोष्टी बघितल्या: स्टार किती आहेत, वेबसाइट कशी आहे आणि पाच मिनिटांत चालू होतो का. तिन्हींत तो उत्तम होता.

दीड वर्ष तो चांगला चालला. लोक त्याच्याशी माणसासारखं बोलायचे. 'म्हशीचं फॅट किती लागलं?' 'बिल कवा पडणार?' 'कालचं दूध का नासकं काढलं?' रात्री बसून मी ती वाक्यं वाचायचो आणि त्याला एकेक शिकवायचो. त्या कामात मला मिळालेलं समाधान फार थोड्या कामांत मिळालं आहे.

२०२१ च्या मे महिन्यात, ज्या मेसेजिंग ॲपवर आमचा बॉट होता त्या ॲपनं बाहेरच्या सॉफ्टवेअरनं जोडून घेण्याची पद्धत बदलली. जुनी पद्धत पूर्वसूचना देऊन बंद झाली. आमचा बॉट मुका झाला. मी प्रकल्पाच्या पानावर गेलो तर तिथे दुरुस्ती तयारच होती. कुणा अनोळखी माणसानं सात महिने आधी चाळीसेक ओळींचा बदल लिहून स्वीकारासाठी पाठवला होता. तो तसाच पडून होता. त्याखाली वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी विचारलं होतं, "इथे कुणी आहे का?" ज्याच्या एकट्याच्या हाती बदल स्वीकारायची किल्ली होती, तो वर्षभर तिकडे फिरकला नव्हता. मी तो बदल स्वतःच लावायला बसलो. त्यासाठी दुसऱ्या एका लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडची, नवी आवृत्ती लागत होती. ती आमच्या जुन्या पायथॉनवर (बॉट ज्या संगणकीय भाषेत लिहिला होता तिच्यावर) बसेना. पायथॉन बदललं तर तिसरंच काहीतरी मोडलं. असं करता करता जुलै उजाडला आणि पाणी पुन्हा चढलं.

त्या पुराच्या सकाळी एक आजी किटली घेऊन गुडघाभर पाण्यातून डेअरीपर्यंत आल्या. आदल्या पावसाळ्यात संकलन नसलं की नातवाच्या मोबाइलवर निरोप यायचा. या वेळी आला नाही, म्हणजे डेअरी चालू असणार, असा त्यांनी सरळ हिशेब केला होता. सचिवांनी त्यांना आत घेतलं, चहा दिला, नंतर घरी पोचवलं. त्यांना काही झालं नाही. पण बंद पडलेल्या यंत्राचं गप्प राहणंसुद्धा माणसं निरोप म्हणून वाचतात, हे त्या दिवशी मला कळलं, आणि तो निरोप चुकीचा गेला होता. तो चुकीचा जाण्याला मी जबाबदार होतो.

नंतर मी त्या प्रकल्पाच्या जुन्या नोंदी नीट काढून वाचल्या. मी तो निवडला त्या महिन्यातच सगळं तिथे लिहिलेलं होतं. दहांतल्या नऊ नोंदी एकाच माणसाच्या. दुसरा जो थोडंफार करायचा, तो सहा महिने आधी गेलेला. नव्या माणसांनी पाठवलेल्या बदलांना उत्तर मिळायला आधी दोन दिवस लागायचे, मग दोन आठवडे, मग उत्तरच नाही. हे बघायला मला अर्धा तास पुरला असता. तो मी दिला नव्हता.

म्हणून आता तुमच्यापुढे जो प्रकल्प ठेवला जाईल, त्याच्यासाठी तो अर्धा तास द्या.

स्टारचा विषय आधी संपवतो. स्टार म्हणजे कुणीतरी एकदा 'हे आवडलं' म्हणून दाबलेलं बटण. दाबलेला स्टार माणूस सहसा काढून घेत नाही, त्यामुळे आकडा साठतच राहतो. आपल्याकडे कित्येक भिंतींवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते. ती रेघ बघून आज नदी किती फुटांवर आहे हे कुणी सांगत नाही. त्यासाठी आपण बंधाऱ्यावरचं आजचं माप विचारतो, आणि नुसतं मापही पुरत नाही. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे पोराठोरांना पाठ आहे, तरी आपला पुढचा प्रश्न असतोच की पाणी चढतंय का उतरतंय, राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत, गगनबावड्यात पाऊस आहे का. प्रकल्पाकडेही असंच बघायचं. शिवाय स्टार पैसे देऊन मिळतात, हेही संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं आहे. तेव्हा तो आकडा कुणी सांगितला तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

खरं दप्तर म्हणजे नोंदवही. गिट या बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनावर ठेवलेल्या प्रत्येक प्रकल्पात कोणता बदल, कुणी, कोणत्या तारखेला, कशासाठी केला याची ओळन्‌ओळ राहते. तुमच्या प्रोसिडिंग बुकासारखंच. कोणतीही संस्था तपासायची तर तुम्ही आधी प्रोसिडिंग मागता. मासिक सभा झाल्या का, कोण हजर होतं, सह्या खऱ्या आहेत का, की वर्षाचं प्रोसिडिंग एका रात्रीत एकाच हातानं लिहून काढलंय, हे चार पानं चाळली की अनुभवी संचालकाला दिसतं. तीच नजर इथे चालते. 'गिट शॉर्टलॉग' नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की कुणाच्या नावावर किती नोंदी आहेत याची उतरती यादी समोर येते. ती सगळ्या काळाची काढू नका, गेल्या वर्षाची काढा. सगळ्या काळाच्या यादीत दोनशे नावं असतात आणि छाती दडपते. वर्षाच्या यादीत कधीकधी दोनच उरतात.

आणि त्या दोनांतलं एक नाव यंत्राचं असू शकतं. हे ठिकाण नीट बघण्यासारखं आहे. बाहेरून घेतलेल्या लायब्ररींची नवी आवृत्ती आली की आपोआप बदल सुचवणारे प्रोग्राम असतात. डिपेंडाबॉट हा त्यातला प्रसिद्ध. काही प्रकल्पांत ते बदल तपासून आपोआप स्वीकारलेही जातात. मग काय होतं, तर घरात माणूस नसतो, पण वेळ लावून ठेवलेला दिवा रोज संध्याकाळी लागतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, आहेत घरी. ओपन सोर्सची सुरक्षितता तपासणाऱ्या ओपनएसएसएफ या संस्थेचं स्कोअरकार्ड नावाचं साधन ० ते १० गुण देतं. त्यात प्रकल्प सांभाळला जातो का हे ठरवताना गेल्या ९० दिवसांतली हालचाल बघतात, आणि आठवड्याला सरासरी एक नोंद असली तरी त्या कलमात पूर्ण गुण मिळू शकतात. साधन चांगलं आहे, मी वापरतो. पण गुण बघून झाल्यावर नावं वाचायचीच.

तक्रारींच्या यादीतही असाच एक चकवा आहे. 'फक्त बारा तक्रारी शिल्लक आहेत' असं कुणी दाखवलं तर आनंद मानू नका. बंद झालेल्या तक्रारी उघडून बघा. हालचाल न झालेल्या तक्रारी आपोआप मिटवणारा एक प्रोग्राम बऱ्याच ठिकाणी लावलेला असतो. त्याची मूळ मांडणीच अशी आहे की ६० दिवस कुणी काही बोललं नाही तर तक्रार शिळी ठरते आणि आणखी ७ दिवसांनी बंद होते. सभासदानं अर्ज दिला, दोन महिने कुणी बघितला नाही, म्हणून तो 'निकाली' या फायलीत गेला, असा कारभार तुमच्या संस्थेत कुणी केला तर सभेत काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. मी स्वतः एकच गोष्ट मोजतो: अनोळखी माणसानं काही विचारलं तर पहिलं उत्तर, तेही माणसाचं, किती दिवसांत येतं. उत्तर 'नाही' असलं तरी चालेल. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१७ पासून कॅऑस नावाचा एक गट प्रकल्पांचं आरोग्य कसं मोजावं यावर काम करतो. पहिल्या उत्तराला लागणारा वेळ हे त्यांच्याही मोजमापांत आहे. त्यांचं आणखी एक माप आहे, किती माणसं उद्या अचानक आली नाहीत तर निम्मं काम थांबेल. माझ्या त्या प्रकल्पाचं उत्तर 'एक' होतं.

मागे मोठी कंपनी असली म्हणजे काळजी मिटली असंही समजू नका. बॉटकिट नावाचा चॅटबॉट बांधण्याचा एक लोकप्रिय प्रकल्प होता. तो बनवणारी एक्सओएक्सको (XOXCO) ही कंपनी मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये घेतली आणि बॉटकिट त्यांच्या बॉट फ्रेमवर्कमध्ये सामील झाला. त्या बॉट फ्रेमवर्कच्या एसडीकेलाच, म्हणजे बॉट बांधायच्या साधनसंचालाच, कंपनीनं ३१ डिसेंबर २०२५ नंतर आधार देणं थांबवलं. बर्लिनच्या रासा कंपनीचा ओपन सोर्स प्रकल्प कित्येक वर्षं या क्षेत्रातलं पहिलं नाव होता. मीही त्यावर काम केलं आहे. २०२३ मधल्या ३.६ या आवृत्तीनंतर तो देखभालीपुरता उरला आणि कंपनीची ताकद विकतच्या उत्पादनाकडे गेली. यात बेकायदेशीर काही नाही, आणि जुना कोड आजही सगळ्यांना मोकळा आहे. पण ज्यांनी 'मोठी कंपनी आहे, चालेल दहा वर्षं' असं धरलं होतं, त्यांना मध्येच दुसरी वाट शोधावी लागली. कंपनीच्या प्रकल्पात एवढं विचारा की गेल्या वर्षी पगारी माणसांच्या बाहेरच्या किती जणांचे बदल स्वीकारले गेले. बाहेरचे नसतील तर तो प्रकल्प कंपनीच्या मर्जीवर आहे. मर्जी बदलली की संपला.

दुसरी बाजूही आहे. शांत दिसणारा प्रत्येक प्रकल्प मेलेला नसतो. चॅटरबॉट ही पायथॉनमधली जुनी लायब्ररी २०२० च्या सुमारास थांबल्यासारखी झाली. लोकांनी तिचा नाद सोडला, आणि २०२५ मध्ये तिच्या नव्या आवृत्त्या पुन्हा येऊ लागल्या. काही छोटी साधनं तर पूर्णच झालेली असतात. तारखा मोजणारी, आकडे अक्षरांत लिहिणारी, अशी. त्यांत वर्षभर नोंद नसली तर ती बिघडली नाहीत म्हणून नसते. चॅटबॉटला मात्र ही सवलत देता येत नाही. तो दुसऱ्याच्या दारात उभा असतो. मेसेजिंग ॲपनं दार बदललं की त्याला बदलावं लागतं. आणि आजकाल जे बॉट दाखवले जातात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं डोकं भाड्याचं असतं: बाहेरचा सांगाडा ओपन सोर्स, पण उत्तर देणारं भाषेचं मॉडेल कुठल्यातरी कंपनीचं, प्रत्येक प्रश्नाला पैसे मोजायला लावणारं. ती कंपनी जुनी मॉडेलं ठरावीक काळानं बंद करते. 'फुकट' या शब्दाचा अर्थ कोटेशनमध्ये नीट लिहून मागा.

पैशाचं निघालं आहे तर आणखी एक. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची चूक सापडली, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटच्या मोठ्या भागाला कुलूप पुरवणाऱ्या ओपनएसएसएल प्रकल्पात पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि वर्षाच्या देणग्या दोनेक हजार डॉलरच्या आसपास होत्या. वापरणारे कोट्यवधी होते, सभासद म्हणून पुढे येणारं कुणी नव्हतं.

त्याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट २०२४ च्या मार्चमधली आहे. एक्सझेड नावाची, फाइल लहान करणारी एक छोटी लायब्ररी लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर असते. ती एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि थकला होता. त्याच्यावर 'कामाला वेग द्या, दुसऱ्याच्या हाती द्या' असा तगादा लागला. त्याच काळात एक उत्साही माणूस मदतीला आला, दोन-अडीच वर्षं चांगलं काम करत राहिला, त्याला अधिकार मिळाले, आणि मग त्यानं आत चोरदार बसवलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्यानं खोदून काढलं म्हणून ते वेळेत सापडलं. तुम्ही एक्सझेडची नोंदवही नुसती मोजली असती तर ती सुधारताना दिसली असती: नवा माणूस, जास्त नोंदी, नियमित आवृत्त्या. हालचाल म्हणजे प्रकृती, हे समीकरण त्यामुळे मी सोडून दिलं. आता मी बघतो की एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर आहे का. प्रत्येक बदल दुसऱ्या कुणी वाचून, प्रश्न विचारून मग स्वीकारलाय का. टेस्टरनं लावलेलं फॅट सचिवानं कधीतरी अचानक पुन्हा लावून बघावं, तसं. जिथे असे प्रश्न विचारले जातात आणि रागावल्याशिवाय उत्तरं दिली जातात, तिथे मला भरवसा वाटतो.

आता आपल्या भाषेचं. ही तपासणी बाहेरचा कुणी तुमच्यासाठी करणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 'शेतकऱ्याचं' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरून, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. वेगवेगळ्या मोबाइलचे कीबोर्ड वेगवेगळा प्रकार टाकतात. प्रकल्पानं दोन्ही एकरूप करून घेतले नसतील तर एकाच घरातल्या बापाला उत्तर मिळतं आणि मुलीला 'समजलं नाही' असं येतं, शब्द एकच असून. 'दुसऱ्या', 'म्हशीवाल्यांच्या तऱ्हा', 'वाऱ्यावर', बोलण्यात किती वेळा येतं बघा. आकड्यांचंही तसंच, कुणी ४.५ असं लिहितो, कुणी इंग्रजी आकड्यांत. तेव्हा प्रकल्पाच्या तक्रारींत मराठी, हिंदी, नेपाळी, देवनागरी असे शब्द टाकून शोधा. काहीच सापडलं नाही तर आपल्या लिपीत तो अजून कुणी नीट वापरलेला नाही, असं धरून चला. तक्रारी सापडल्या आणि त्यांना उत्तरं मिळालेली असली, तर तो प्रकल्प आपल्यासाठी जिवंत आहे. सापडल्या आणि वर्षानुवर्षं तशाच पडलेल्या असल्या, तर बाकी सगळं कितीही हिरवंगार दिसो, आपल्या दारात तो येणार नाही.

परवान्याबद्दल, म्हणजे कोड वापरायच्या अटींबद्दल, थोडक्यात. एमआयटी, अपाची, एजीपीएल असं काहीतरी नाव असेल, ते वाचून घ्या आणि गेल्या दोन-तीन वर्षांत बदललंय का ते बघा. टेराफॉर्म आणि रेडिस ही दोन नावाजलेली सॉफ्टवेअरं. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला, मार्च २०२४ मध्ये रेडिसचा. दोन्ही वेळा वापरणाऱ्यांनी जुना मोकळा कोड घेऊन वेगळी चूल मांडली. वेगळी चूल मांडता येते, ही ओपन सोर्सची मोठी ताकद आहे. पण ती मांडायला माणसं लागतात.

आणि इथेच माझी तुमच्याकडे दुसरी मागणी आहे. पहिलीपेक्षा ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

आपण या प्रकल्पांकडे गिऱ्हाईक म्हणून जातो. दूध घालणाऱ्यानं नुसतं दूध घालायचं, सभेला यायचं नाही, निवडणुकीला उभं राहायचं नाही, हिशेब विचारायचा नाही, असं सगळ्यांनीच केलं तर संस्था काय राहील? त्या चाळीस ओळी पाठवणारा अनोळखी माणूस सभासदासारखा वागला होता. मी गिऱ्हाईकासारखा वागलो होतो. दीड वर्ष त्या बॉटला मी इथलं मराठी शिकवत होतो, अर्ध्या र ची दुरुस्तीही माझ्याकडे होती, पण ती सगळी माझ्या लॅपटॉपवर. मूळ प्रकल्पाला मी एकही ओळ परत पाठवली नाही. पाठवली असती तर एक माणूस वाढला असता, आणि किल्ली एकाच हातात आहे हे मला वर्षभर आधी दिसलं असतं.

२०२१ च्या दिवाळीनंतर त्या अनोळखी माणसाला मी तिथेच दोन ओळी लिहिल्या, की तुमच्या दुरुस्तीवर आमच्या गावची डेअरी पुन्हा बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. डेअरी म्हणजे नक्की काय करता, असं त्यानं विचारलं होतं. मी संकलनाचा फोटो पाठवला, सकाळी सहाचा, रांगेतल्या किटल्यांचा. पुढे आम्ही चौघांनी मिळून तो कोड वेगळा काढला. आज तो लहान आहे, पण कुणाचाही बदल दुसऱ्यानं वाचल्याशिवाय आत जात नाही. आणि किल्ल्या चौघांकडे आहेत.

तुमच्यापैकी पाच-सहा संस्थांनी मिळून हे करावं. एकेका गावानं वेगळा बॉट घेऊन वेगळा मोडू देण्यापेक्षा एकच प्रकल्प निवडा आणि त्याच्यासाठी गावातलीच एखादी मुलगी किंवा मुलगा ठेवा. जिल्ह्यात अभियांत्रिकी कॉलेजं आहेत, शिवाजी विद्यापीठ आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत हिंडतात आणि परीक्षा झाली की तो प्रकल्प कपाटात जातो. त्यांना हे काम द्या: मूळ प्रकल्पातल्या तक्रारी वाचायच्या, इथलं मराठी त्यात घालायचं, आणि दर महिन्याच्या मीटिंगला एका पानावर लिहून द्यायचं की गेल्या महिन्यात तिकडे कोण कामावर होतं, कशाला उत्तर मिळालं, कशाला नाही. ते पान प्रोसिडिंगला जोडा. दूध संकलनाच्या अहवालाशेजारी ते सहज मावेल. थोडा निधीही ठेवा. मूळ प्रकल्प देणगी घेत असेल तर त्याला द्या, रक्कम लहान असली तरी.

ठरावात तीन वाक्यं मात्र घालाच. बॉट ज्या मोबाइल नंबरवर चालतो तो नंबर संस्थेच्या नावावर असेल, करून देणाऱ्याच्या नावावर नाही. सगळे पासवर्ड बंद पाकिटात संस्थेच्या कपाटात असतील. आणि बॉट दोन तास जरी बंद पडला तरी सभासदांना साध्या एसएमएसनं तसं कळवलं जाईल. त्या आजींच्या वेळी हे तिसरं वाक्य नव्हतं.

ज्यांच्याकडे आधीच कुणी प्रकल्प दाखवून गेलंय, त्या सचिवांनी त्याचं नाव आणि गिटहबवरचा पत्ता एका कागदावर लिहून ठेवावा. मी येतो. सकाळचं संकलन आटोपलं की तासभर डेअरीतच बसू, संगणक तुमचाच चालेल. चेअरमन आणि एखाद-दुसरे संचालक असले तर बरं, कारण नावं मी वाचून दाखवीन, पण कोण खरं कामावर आहे नि कोण नुसतं सहीपुरतं, ते तुम्हीच सांगायचं आहे.

आपला,
एक सॉफ्टवेअर कारागीर, कोल्हापूर